घरगुती शीतकरणाचा इतिहास : मुंबईच्या बर्फघरापासून घरातल्या शीतकपाटापर्यंत

प्रस्तावना

अमेरिकेतील बोस्टन परिसरातून जहाजाने निघालेला बर्फ मुंबई बंदरात प्रथम १८३४ साली उतरला. भारतीय कंपनीने तयार केलेले पहिले घरगुती शीतकपाट बाजारात आले ते १९५८ साली. या दोन घटनांमध्ये जवळजवळ सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. ज्या देशातून तो बर्फ आला त्या देशात १९४० च्या गृहगणनेच्या वेळी सुमारे ४४ टक्के कुटुंबांकडे यांत्रिक शीतकपाट होते आणि आणखी पाव हिश्शाहून अधिक कुटुंबे बर्फाची पेटी वापरीत होती. मुंबईत त्याच सुमारास शीतकपाट म्हणजे बंगले, क्लब, हॉटेले आणि रुग्णालये यांच्यापुरती मर्यादित असलेली वस्तू होती. अमेरिकन बर्फ इतक्या लवकर पोहोचलेल्या शहरात घरगुती शीतकरण इतके उशिरा का आले, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे दारिद्र्य. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राचा शोध कोणी व केव्हा लावला याला जितके महत्त्व दिले जाते, तितके ते यंत्र ज्या घरात शिरले त्या घरातील पूर्वीच्या व्यवस्थेला दिले जात नाही. अमेरिकेत शीतकपाट आले ते बर्फपेटीच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. मुंबईच्या व एकूणच महाराष्ट्राच्या बहुसंख्य घरांत अशी जागाच नव्हती. तेथे माठ होता, शिंके होते, दोन वेळचे दूध होते आणि ताज्या अन्नाचा आग्रह होता. शीतकपाट या व्यवस्थेच्या जागी आले नाही, तर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. प्रस्तुत लेखात या फरकाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

यंत्रापूर्वीचा गारवा

पाणी थंड करण्याची कला भारतात जुनी आहे. पाण्यात सोरा विरघळवून त्या द्रावणात सुरई फिरवली की आतील पाणी गार होते, या पद्धतीचे वर्णन ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने केले आहे. बादशाही मुक्काम लाहोरला हलल्यानंतर उत्तरेकडील डोंगरांतून दरबारासाठी बर्फ आणला जाई, अशीही नोंद तेथे आढळते. अठराव्या शतकात अलाहाबाद परिसरात बर्फ तयार करण्याची एक वेगळीच रीत प्रचारात होती. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध केली. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणून त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा थर घालीत, त्यावर सच्छिद्र मातीची लहान लहान भांडी ठेवून त्यांत उकळून निववलेले पाणी भरीत आणि हिवाळ्यातील निरभ्र रात्री ती तशीच सोडून देत. हवेचे तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरले नसतानाही पहाटे भांड्यांत बर्फाची चकती मिळे. सूर्योदयापूर्वी ती गोळा करून खोल खड्ड्यात दाबून ठेवीत. बाष्पीभवन आणि निरभ्र आकाशाकडे होणारे उष्णतेचे उत्सर्जन या दोहोंचा हा परिणाम होय.

मुंबई बेटाला यांतील कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. जवळ हिमाच्छादित डोंगर नाहीत, आणि हिवाळ्याची रात्र तितकी कोरडी व थंडही नाही. उरला तो माठ. माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी बाष्प होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, तर एक ग्रॅम बर्फ वितळण्यास केवळ ८०. या आकड्यांवरून पाहता माठ हे बर्फापेक्षा काटकसरीचे साधन आहे. परंतु त्याला मर्यादा आहे ती हवेतील दमटपणाची. देशावर चैत्र-वैशाखात माठाचे पाणी दात शिवशिवतील इतके गार होते. कोकणपट्टीत मात्र तोच माठ, तेच ओले फडके, तीच वाळूची बैठक असूनही पाणी फारसे निवत नाही. आयात बर्फाला मुंबईत गिऱ्हाईक मिळण्यामागे साहेबी सवयींबरोबरच हे साधे हवामानशास्त्रीय कारणही असावे.

अन्नाच्या बाबतीत गारव्यापेक्षा इतर उपायांवर भर होता. दूध तापवून ठेवणे, उरलेल्याला विरजण लावणे, लोण्याचे तूप कढवणे, कैरी-लिंबू मिठात मुरवणे, मासे सुकवणे, पापड-कुरडया-सांडगे उन्हात वाळवणे, ही सर्व नासणे थांबवण्याचीच तंत्रे होत. यांत कोठेही थंडीची गरज पडत नाही. उलट महाराष्ट्राच्या वाळवणाच्या परंपरेचा सारा भर उन्हावर आहे.

बोस्टनचा बर्फ

फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेला, तेव्हा त्याच्या गावच्या लोकांनी त्याची टिंगल केली. त्या सफरीत त्याचे नुकसान झाले आणि पुढे कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. १८२५ च्या सुमारास नॅथॅनिएल वायथ याने घोड्याने ओढावयाचा, नांगरासारखा बर्फ कापणारा फाळ तयार केला. त्यामुळे तळ्यांवरील बर्फाच्या सारख्या मापाच्या लाद्या निघू लागल्या. सारख्या मापाच्या लाद्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि त्यामुळे कमी वितळतात. लाकूड गिरण्यांत फुकट जाणारा भुसा त्यांच्याभोवती भरला जाई. बोस्टनहून भारताकडे येणाऱ्या जहाजांना माल थोडा असल्याने नीरम म्हणून दगड भरावे लागत. त्या दगडांची जागा बर्फाने घेतली. थोडक्यात, ज्याला किंमत नाही असे पाणी, ज्याला किंमत नाही असा भुसा आणि जहाजातील रिकामी जागा या तीन गोष्टींवर हा व्यापार उभा होता. डेव्हिड डिकासन यांनी १९९१ मधील आपल्या निबंधात या भारत-अमेरिका बर्फ व्यापाराचा सविस्तर आढावा घेतला आहे.

१८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी बर्फावरील जकात माफ केली आणि तो रात्रीच्या गारव्यात उतरवून घेण्याची मुभा दिली. पुढील वर्षी मुंबईत बर्फ आला. मुंबईतील या आयातीशी जहांगीर नसरवानजी वाडिया यांचे नाव जोडले जाते. पुढे ‘सर’ झालेले जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाल्याची बातमी गुजराती पत्राने दिली, असे मुंबईच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. ही बातमी गमतीची म्हणून पुनःपुन्हा सांगितली जाते. पण शीत पदार्थ बाधतात, ही समजूत त्या काळी किती दृढ होती हेही तिच्यातून दिसते. ती आजही पुरती गेलेली नाही.

कोट भागात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी १८४३ च्या सुमारास वर्गणीतून घुमटाकार बर्फघर उभे राहिले. मद्रासचे बर्फघर त्याच्या थोडे आधीचे, १८४२ चे. मद्रासची इमारत आजही ‘विवेकानंद हाऊस’ म्हणून उभी आहे. मुंबईची पाडली गेली. हेन्री डेव्हिड थोरो ज्या वॉल्डन तळ्याकाठी राहिला, त्या तळ्याचा बर्फ १८४६-४७ च्या हिवाळ्यात कापला जात असताना, आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे लोक पिणार, ही कल्पना त्याला सुचली. ते लोक नेमके कोण, याचा विचार त्याने केलेला नाही. बर्फ विकत घेणारा वर्ग गोरे अधिकारी, व्यापारी पेढ्या, श्रीमंत पारशी कुटुंबे आणि इस्पितळे यांपलीकडे फारसा गेला नाही. जहाज लांबले की शहरात बर्फाची टंचाई होई. ज्या मालाचा पुरवठा समुद्रापार आणि वर्षातून मोजक्याच खेपांनी होतो, त्यावर सामान्य घराची दिनचर्या बसवता येत नाही. मुंबईच्या घरांत बर्फपेटी रुजली नाही याचे पहिले कारण हे होय.

यांत्रिक बर्फाने हा व्यापार संपवला. १८७४ मध्ये मद्रासला आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला बर्फ तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या व १८८० च्या दशकात अमेरिकन बर्फाची आवक थांबली. बर्फ आता गावातच तयार होऊ लागला आणि स्वस्तही झाला. परंतु तो घरात न शिरता रस्त्यावर व बाजारात स्थिरावला. गोणपाटात गुंडाळलेली, भुशाने माखलेली लादी हातगाडीवरून जायची ती सरबतवाल्याकडे, मासळी बाजारात किंवा लग्नघरी. घरात बर्फ येई तो आजाऱ्याच्या कपाळावर ठेवण्यासाठी, किंवा सुट्टीत लाकडी पिंपात मीठ घालून हाताने आइस्क्रीमचे भांडे फिरवण्यासाठी. म्हणजे प्रसंगी, नित्य नव्हे.

बर्फपेटी आणि अमेरिकन स्वयंपाकघर

अमेरिकेत नेमके उलट घडले. मेरीलँडमधील शेतकरी थॉमस मूर याने लोणी बाजारात नेण्यासाठी देवदारी लाकडाची, आत पत्र्याचे भांडे असलेली पेटी तयार केली आणि १८०३ मध्ये तिचे एकस्व घेतले. तिला त्याने दिलेले ‘रेफ्रिजरेटर’ हे नाव पुढे जगभर गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा पेट्या सामान्य शहरी घरांत पोहोचल्या. बर्फवाला रोज येई. किती पौंड लादी हवी ते दर्शविणारे पुठ्ठ्याचे कार्ड गृहिणी खिडकीत लावून ठेवी. पेटीखालील तबकात साठलेले पाणी रोज ओतून टाकावे लागे आणि ते विसरले तर जमिनीवर थारोळे होई. मांस, दूध, लोणी यांवर आधारलेला आहार, आठवड्याची खरेदी आणि थंड हवेमुळे गावाजवळच मिळणारा स्वस्त बर्फ, या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

त्या व्यवस्थेची एक खूण आजच्या मराठी बोलण्यातही आहे. ‘दीड टनाचा एसी’ असे म्हणताना त्या टनाचा यंत्राच्या वजनाशी काहीही संबंध नसतो. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषली जाते, तितकी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आधुनिक मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाचा व्यापार गेला, त्याचे माप राहिले.

गुरगुरणारे यंत्र

शीतकपाटाचे मूळ तत्त्व माठाचेच आहे. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेते. माठात ती वाफ हवेत निघून जाते. शीतकपाटात ती बंद नळीत अडवून संपीडकाने पुन्हा दाबली जाते, मागच्या जाळीत तिची उष्णता खोलीत सोडली जाते आणि ती पुन्हा द्रव होते. विल्यम कलेन याने १७५६ मध्ये निर्वातात ईथरची वाफ करून बर्फ मिळवता येतो असे दाखवले. जेकब पर्किन्स याने १८३४ मध्ये बंद चक्राच्या यंत्राचे इंग्लंडमध्ये एकस्व घेतले. हे वर्ष मुंबईत अमेरिकन बर्फ उतरल्याचेच होय. अर्थात हा निव्वळ योगायोग. फ्लोरिडातील डॉक्टर जॉन गोरी याने १८५१ मध्ये रुग्णांसाठी बर्फयंत्राचे एकस्व मिळवले. फेर्दिनां कारे व कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियावर चालणारी यंत्रे कारखान्यांपर्यंत नेली. परंतु ही सारी यंत्रे खोलीएवढी मोठी होती आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी माणूस लागे. ती घरात आणण्यास आणखी अर्धशतक लागले.

१९१३ ते १९१८ या काळात अमेरिकेत केल्व्हिनेटर व फ्रिजिडेअर या घरगुती यंत्रांचा पाया घातला गेला. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने डोक्यावर गोल संपीडक असलेले, पूर्णतः बंद यंत्रणेचे शीतकपाट सुमारे ३०० डॉलरला आणले आणि त्या प्रकारची दहा लाखांहून अधिक कपाटे विकली. दरम्यान स्वीडनमध्ये बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये संपीडक नसलेले, केवळ ज्योतीच्या उष्णतेवर चालणारे शोषण-पद्धतीचे शीतकपाट तयार केले होते. त्यात हलणारा भाग एकही नव्हता, आवाज नव्हता. अमेरिकेत हे कपाट सर्व्हेल कंपनीने गॅसवर चालणारे म्हणून विकले.

रूथ श्वार्त्झ कोवान या इतिहासकार विदुषीने १९८३ मधील ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की गॅसचे कपाट मागे पडले ते तांत्रिक दोषामुळे नव्हे, तर वीज-संपीडकाच्या बाजूला जनरल इलेक्ट्रिक, जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांचे भांडवल उभे राहिले म्हणून. दिवसरात्र वीज खाणारे उपकरण घराघरांत जावे, यात वीजकंपन्यांचेही हित होते. हे प्रतिपादन बहुतांशी पटण्यासारखे आहे. तथापि शोषण-पद्धतीत तेवढाच गारवा मिळवण्यास अधिक उष्णता खर्च करावी लागते, ही बाब त्यात काहीशी दुर्लक्षिली गेली आहे. भारताच्या दृष्टीने या वादाला एक वेगळे महत्त्व आहे. ज्या देशात खेड्यांपर्यंत वीज पोहोचली नव्हती त्या देशाला ज्योतीवर चालणारे कपाट अधिक उपयोगी पडले असते. तशी रॉकेलवर चालणारी कपाटे दवाखाने, चहाचे मळे, मिशन यांच्याकडे आलीही. परंतु भारतीय उद्योगाने उभारणी केली ती संपीडकाच्या तंत्रावर. पराभूत तंत्र दुसऱ्या देशात जाऊन आपोआप विजयी होत नाही. सुटे भाग, कारागीर आणि करार हे सर्व विजेत्याच्या बाजूला गेलेले असते.

मुंबईतील शीतकपाट

वीज हा मुंबईपुरता अडथळा नव्हता. शहराला १९०५ पासून विजेचा पुरवठा सुरू झाला होता आणि १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत तिला मिळाली. अडथळा होता तो जागेचा, किमतीचा आणि सर्वांत अधिक म्हणजे गरजेचा. दहा बाय बाराच्या चाळीच्या खोलीत शीतकपाट ठेवण्यास भिंत मोकळी नसे. शिवाय रोजच्या नाशवंत वस्तूंपैकी सर्वांत महत्त्वाचे जे दूध, त्याची सोय शहराने घराबाहेर केली होती. १९४५ ची मुंबई दूध योजना व त्यानंतर १९४९ पासूनची आरे दुग्ध वसाहत यांमुळे पाश्चरीकृत, थंड केलेले दूध केंद्रावर मिळू लागले. पहाटे कार्ड घेऊन केंद्रासमोर रांग लावणे हा मध्यमवर्गीय घरांतील मुलांचा नित्यक्रम झाला. शीतकरणाची साखळी दूध केंद्रापर्यंत येऊन थांबत होती. तेथून पुढे पातेले आणि चूल किंवा स्टोव्ह. सार्वजनिक शीतकरणाने खाजगी शीतकरणाची निकड कमी केली, असा याचा अर्थ होतो. घरगुती उपकरणांच्या इतिहासात या बाजूकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

१८९७ साली कुलपांच्या व्यवसायाने सुरू झालेल्या गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने शीतकपाटांचे उत्पादन सुरू केले. पुढे केल्व्हिनेटर, हैदराबादची ऑल्विन, व्होल्टास ही नावे आली. १९५१ च्या औद्योगिक परवाना कायद्यामुळे किती माल काढावयाचा हेही शासन ठरवीत असे. आणि शीतकपाट ही चैनीची वस्तू मानून तिच्यावर जबर उत्पादनशुल्क आकारले जाई. ही दृष्टी परवाना पद्धतीबरोबर संपली नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा शीतकपाटावर सर्वोच्च, म्हणजे २८ टक्के दर लावण्यात आला. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला.

चैनीची वस्तू या शासकीय व्याख्येला घरांनीही आपल्या परीने दुजोरा दिला. १६५ लिटरचे एकदारी कपाट स्वयंपाकघरात न ठेवता दर्शनी खोलीत ठेवले जाई. त्यावर विणलेले आच्छादन, वर फुलदाणी. लग्नाच्या देण्याघेण्याच्या यादीत त्याचा समावेश झाला. आणि त्याला कुलूप असे. अन्नाच्या कपाटाला किल्ली लावण्याची ही पद्धत भारतीय शीतकपाटांत दीर्घकाळ टिकली. कंपनी कुलपांची होती म्हणून कुलूप आले, असे गमतीने म्हणता येईल. पण इतर कंपन्यांच्या कपाटांनाही ते होतेच. घरातील नोकरमाणसांपासून, मुलांपासून, आणि एकत्र कुटुंबात काही वेळा एका सुनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर त्या किल्लीत साठवलेले होते.

शिळे आणि ताजे

शीतकपाटाने ज्या कल्पनेला सर्वांत खोल धक्का दिला ती शिळेपणाची होय. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाची गणना तामसी आहारात केली आहे. सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या घरांत उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी देवाला तर नाहीच, पण घरच्या कर्त्या माणसालाही वाढले जात नसे. मात्र हा नियम साऱ्या महाराष्ट्राचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. शेतकरी-कष्टकरी घरांत रात्रीची भाकरी सकाळी न्याहारीला घेणे हा नित्याचा व्यवहार होता, आणि दलित वस्त्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या घरचे शिळे येणे ही सामाजिक सक्ती होती. ‘ताजे अन्नच खावे’ हा आदर्श ज्यांना परवडत होता त्यांचा होता. आणि त्याची खरी किंमत दोन वेळा चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या श्रमांत मोजली जात होती.

शीतकपाट प्रथम पोहोचले ते याच वर्गात. त्यामुळे सुरुवातीला त्याचा उपयोग पाणी, सरबत, दूध, लोणी, फळे यांपुरता झाला. शिजवलेले अन्न त्यात ठेवण्यास वडीलधाऱ्यांची नापसंती असे. काही घरांत एक कप्पाच सोवळ्याचा म्हणून राखला जाई. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली तसा हा निर्बंध सैल झाला. रात्री मळून ठेवलेली कणीक, निवडून पिशवीत भरलेली मेथी, किसलेले खोबरे, रविवारी आणलेली आठवड्याची भाजी, हे सर्व शीतकपाटाच्या आधाराने शक्य झाले. ‘फ्रिजमधले आहे, शिळे नाही’ हे वाक्य तेव्हापासून मराठी घरांत ऐकू येऊ लागले. त्यात भाषेने एक नवी वर्गवारी मान्य केलेली दिसते.

कोवान यांचा मुख्य निष्कर्ष असा आहे, की घरगुती यंत्रांनी अमेरिकन गृहिणीचे काम कमी केले नाही. पुरुषांची व नोकरांची कामे तेवढी कमी झाली आणि गृहिणीकडून असणाऱ्या अपेक्षा वाढल्या. महाराष्ट्राच्या संदर्भात हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. येथे रोजच्या बाजारहाटाचा व पहाटेच्या कामाचा काही भाग निश्चितपणे घटला. परंतु कपाट भरणे, पुसणे, त्यात काय उरले आहे हे ध्यानात ठेवणे आणि उरलेले बहुधा आपणच संपवणे, ही कामे कोणाकडे आली हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

वायूचा प्रश्न

प्रारंभीच्या घरगुती यंत्रांत सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असे विषारी वायू असत. बर्लिनमधील एक कुटुंब शीतकपाटातील गळतीने मृत्यू पावल्याचे वृत्त वाचून आल्बर्ट आइनस्टाइन व लिओ झिलार्ड यांनी हलता भाग नसलेल्या शीतकपाटाची रचना केली व १९३० मध्ये तिचे अमेरिकन एकस्व मिळवले. ते बाजारात आले नाही. त्याच वर्षी थॉमस मिजली याने नवा वायू शास्त्रज्ञांच्या सभेत स्वतः हुंगून व त्याच्या फुंकरीने मेणबत्ती विझवून तो विषारीही नाही व ज्वालाग्राहीही नाही हे दाखवले. हा फ्रिऑन होय. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा उद्योगही याच मिजलीच्या नावावर आहे. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी या वर्गातील वायू ओझोन थराचा नाश करू शकतात असे दाखवले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोन विवराची माहिती प्रसिद्ध झाली आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला व २०१० पर्यंत हे वायू वापरातून काढले गेले. त्यांच्या जागी आलेल्या वायूंनी ओझोनला धक्का लावला नाही, पण पृथ्वीची उष्णता वाढवली. त्यासाठी २०१६ चा किगाली करार करावा लागला व भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. आज अनेक भारतीय शीतकपाटांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू अल्प प्रमाणात असतो.

विजेअभावी कपाट

महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. वीज दिवसाचे कित्येक तास नसेल तर शीतकपाट हे केवळ कपाट उरते. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर गोदरेजने ‘छोटूकूल’ हे सुमारे आठ किलो वजनाचे, चाळीसएक लिटरचे, संपीडकाऐवजी विद्युत-औष्णिक चकतीवर व वेळप्रसंगी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे साधन तयार केले. त्याच्या आखणीत उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिवमधील, ग्रामीण स्त्रियांचे मत घेण्यात आले होते. किंमत साधारण सव्वातीन हजार रुपये होती. परंतु ज्या घरांसाठी ते होते त्या घरांत ते अपेक्षेप्रमाणे गेले नाही. लहान दुकानदार, टपऱ्या व शहरी हौशी ग्राहक यांच्याकडेच त्याला वाव मिळाला. त्याच काळात गुजरातमधील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचे, बाष्पीभवनावर चालणारे कपाट बनवले. माठालाच दार आणि कप्पे बसवण्याचा हा प्रयोग होय.

२००१ व २०११ या दोन्ही जनगणनांत कुटुंबाकडे रेडिओ, दूरचित्रवाणी संच, दूरध्वनी, सायकल, मोटार आहे का, हे विचारले गेले. शीतकपाटाविषयी विचारले गेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र तो प्रश्न असतो. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील सुमारे ३८ टक्के कुटुंबांकडे शीतकपाट होते. उरलेल्या कुटुंबांपर्यंत गारवा पोहोचतो तो अद्यापही माठातून, किंवा बर्फाच्या कारखान्यातून निघून गोणपाटात गुंडाळलेल्या लादीतून, म्हणजे गोळ्याच्या गाडीवर, उसाच्या रसात, लग्नाच्या पंगतीतल्या सरबतात. मासळीसाठीचा बर्फ आणि खाण्याचा बर्फ एकाच लादीतून विकला जात असल्याच्या तक्रारींवरून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ पासून खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. त्यामुळे मुंबईच्या बंदरात आता निळा बर्फ मासळीचा आणि पांढरा बर्फ माणसांचा, अशी विभागणी झालेली आहे.